रिकाम्या चाकाचं माप

सायकलची जुनी ट्यूब दुहेरी करून मारली की आधी आवाज येतो, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि मग ते येतं. हे मला माझ्या मावसबहिणीनं, शालूनं सांगितलं होतं. ती माझ्याकडे पाठ करून पाटावर बसायची, मावशी वाटीत हळदीचं गरम तेल घेऊन यायची, आणि तेल लावून घेता घेता शालू मला शिकवणी घेतल्यासारखं समजावायची, की पट्ट्याचं तसं नसते, पट्टा लागल्याबरोबर कळते, ट्यूब जराशी थांबते. मी मुसमुसायला लागले की उलट मलाच दरडावायची. "तू कायले रडून राहिली वं मंगल? तुले लागली का?" मला रडू यायचं ते भीतीनं. शिवाय मी त्या घरात आश्रयाला आलेली, आणि आश्रयाला आलेल्या माणसानं जे बघू नये ते मी दर आठ-दहा दिवसांनी बघत होते.

मी मूळची इचलकरंजीची. आई गेली त्या वर्षी आठवीतून शाळा सुटली. सुटली म्हणजे बापानं एका दुपारी दप्तर चुलीत घातलं आणि मी ते काढायला गेले तेव्हा हाताला लागेल ते फेकून मारलं. माझी डावी भुवई मधेच तुटलेली आहे ती त्या दिवसाची. महिन्याभरात मावशी आली आणि मला घेऊन गेली. गाडीत बसल्यावर तिनं पहिल्यांदा माझी वेणी सोडली, विंचरली, पुन्हा घातली, आणि नागपूर येईपर्यंत माझ्या बापाबद्दल एक शब्द काढला नाही. आज माझी स्वतःची मेस आहे, दोन वेळचे डबे जातात, पण अजून कोणी आपणहून माझ्या पानात काही वाढलं की मला हात जोडावेसे वाटतात. मावशीच्या घरात माझ्यावर कोणी काही फेकलं नाही. त्या एका गोष्टीचे उपकार इतके मोठे वाटायचे, की बाकी ज्या गोष्टींबद्दल तोंड उघडायला हवं होतं त्या मी गिळत गेले.

घर तांडापेठेतल्या एका बोळात. पुढं एक खोली, मधे स्वयंपाक, मागं अंगणाला लागून मावसाजींचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा हातमाग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे आणि सकाळी सातपासून खटाक-खट, खटाक-खट सुरू. आसपासच्या घरांतले माग बंद पडून तिथं शिलाईची दुकानं, मोबाइलच्या टपऱ्या झाल्या होत्या, पण मावसाजींनी आपला सोडला नव्हता. बोलणं अगदी कमी. माझ्या बोलण्याला अख्खा बोळ हसायचा, मी "काय करायलाय?" म्हटलं की शेजारची पोरं त्याची नक्कल करत मागं यायची. मावसाजी मात्र कधी हसले नाहीत. जेवताना माझ्याकडे जवसाची चटणी सरकवायचे आणि "खाय, बेटा" एवढंच म्हणायचे. रविवारी सावजी रस्सा. मसाला भाजला की डोळ्यांतून पाणी यायचं, मला ठसका लागायचा, आणि बंडूभाऊ मोकळं हसायचा तो फक्त तेव्हा. "ह्या कोल्हापूरवाल्यांले तिखटाचा मोठा गर्व ना बे! पाह्य कशी बोंबलून राहिली!"

बंडू हा मावशीचा मोठा मुलगा, शालूपेक्षा आठ वर्षांनी मोठा. एके काळी तो सायकलच्या शर्यती मारायचा. कोळशाच्या एका ट्रकनं खापरखेड्याच्या रस्त्यावर त्याला उडवलं आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हापासून तो इतवारीत टेम्पो चालवायचा आणि पाय ओढत चालायचा. भिंतीवर टांगलेली ती शर्यतीची सायकल त्यानं शालूसाठी खाली काढली. शालू तेव्हा अठरा-एकोणीसची, उंच, मांड्या पोरासारख्या. विभागाच्या संघात निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्या घरात त्यानंतर दुसरं काहीच उरलं नाही. सकाळी कोराडी नाक्यापासून खापरखेड्याच्या बाजूला वीस किलोमीटर जायचं, वीस यायचं. ताशी तीसची एव्हरेज पडली पाहिजे. नाही पडली तर ट्यूब. ट्यूब नेहमी पाठीवर आणि दंडावर. पायांना तो हात लावत नसे. "पाय कामाचे हायेत," म्हणायचा.

सुरुवातीला सगळं मनगटी घड्याळावर चाले. शालू परत आली की तो घड्याळ बघायचा, आणि वेळ बरोबर असली तरी म्हणायचा की तू अर्ध्यातूनच वळली असशील. म्हणजे संशयावर मार. म्हणून त्यानं कुठूनसा सायकलचा छोटा कम्प्युटर आणला तेव्हा मला खरंच बरं वाटलं. काडेपेटीएवढा डबा, हँडलला बसवायचा. त्याची तार पुढच्या चाकापर्यंत, चाकाच्या तारेला एक लोहचुंबक. चाकाचा एक फेरा झाला की तो डबा एक मोजतो, आणि एका फेऱ्यात चाक किती चालतं ते आपण त्याला आधी सांगून ठेवायचं, मिलिमीटरमध्ये, चार आकडी. मग किलोमीटर, वेग, एव्हरेज सगळं तोच दाखवतो. घरात सगळे त्याला मीटर म्हणायचे. मला वाटलं, आता निदान पुराव्यानं मारेल. किती भित्रं माणूस असा विचार करू शकतं, ते आज लिहिताना कळतंय.

सोबत इंग्रजीतलं पुस्तक होतं. घरात इंग्रजी अक्षरं लावून वाचणारी मीच, आठवीतून सुटलेली. शब्द अर्धे कळले नाहीत, पण चित्रं होती. पहिल्या चित्रात चाकाचा हवा भरायचा वॉल बरोबर खाली, जमिनीवर खूण. दुसऱ्यात चाक एक फेरा पुढं, वॉल पुन्हा खाली, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. आणि दोन्ही चित्रांत सायकलवर एक माणूस बसलेला होता. त्याला नाक-डोळे नव्हते, पण होता.

आम्ही बोळातल्या सिमेंटवर खडूनं सरळ रेघ मारली. बंडूभाऊ टेम्पोवर गेलेला. शालू सायकलवर चढली, मी मागून सीट धरलं, तेवढ्यात मावसाजी आतून टेप घेऊन आले. मोजमाप म्हटलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी शालूला बघितलं आणि हात हलवला.

"उतर खाली."

"काहून बाबा?"

"वजन टाकून मोजतेत का कधी? मागावरचं लुगडं मोजलं आहे का मी आजवर? ताणात असते तोवर त्याची लांबी खोटी. कापून खाली घ्यायचं, एक दिवस मोकळं पडू द्यायचं, मंग मोजायचं. नाहीतं गिऱ्हाइकाले हातभर कमी जाते अन् आपल्याले पाप लागते."

शालू उतरली. मावसाजींनी आपल्या हातानं रिकामी सायकल रेघेवरून ढकलली, एक फेरा नाही, नीट तीन फेरे, म्हणजे चूक कमी पडेल. सहा हजार तीनशे चोपन्न. मी पाटीवर भागाकार केला. दोन हजार एकशे अठरा. माझ्या हातात पुस्तक उघडं होतं. चित्रातला तो बिनचेहऱ्याचा माणूस सायकलवर बसलेलाच होता. मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मावसाजी, ह्यात मानूस बसलाय वर." त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला हवं होतं. पण ज्यांच्या घरचं अन्न खातेय, ज्यांनी आयुष्यभर मापं घेतली, त्यांना मी आठवीतून सुटलेली पोरगी शिकवणार? बटण दाबून धरलं, आकडे लुकलुकायला लागले, आणि मी २११८ घातलं.

माणूस बसला की टायर खाली दबतं, चाक जरासं लहान होतं, एका फेऱ्यात कमी चालतं. हे मी आज सहज लिहिलं. तेव्हा कळायला मला दोन आठवडे लागले. भाजी आणायला शालूची सायकल घेतली होती, टायरकडे नजर गेली, माझ्या वजनानं ते बोटभर पसरलं होतं, आणि मी रस्त्यातच खाली उतरले. मीटर खोटं बोलत होतं. जेवढं चाललो त्यापेक्षा जास्त सांगत होतं, वेगही जास्त. अगदी थोडा. पण बंडूभाऊच्या तीसच्या रेघेवर तेवढ्या थोड्यातच सगळं होतं. मीटर आल्यापासून शालूची एव्हरेज तीसच्या वर दोन-तीन दशांश पडत होती आणि त्या दोन आठवड्यांत ट्यूब खिळ्यावरून एकदाही खाली आली नव्हती. खरं सांगितलं तर उद्यापासून मार सुरू. नाही सांगितलं तर निवडीच्या दिवशी, जिथं दुसऱ्याचं घड्याळ असणार, तिथं शालू तोंडावर आपटणार. मी गप्प बसायचं ठरवलं. ठरवलं असंही नाही. गप्प बसायची मला सवय होती.

निवडीला नऊ दिवस होते. बंडूभाऊला त्या सकाळी भाडं नव्हतं, म्हणून तो रिकामा टेम्पो घेऊन शालूच्या मागं गेला, आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत राहिला. तो तिच्या आधी घरी पोचला. मी गोळाभातासाठी डाळ वाटत होते. तो अंगणात दारालगत उभा राहिला, ट्यूब खिळ्यावरून काढली, हातात गुंडाळली. मला वाटलं आज एव्हरेज कमी पडली वाटतं. पण शालू आत आली ती हसत. घामानं निथळत होती. "तीस एक, दादा! वाऱ्याच्या उलटं मारली, तरी तीस एक!"

"किलोमीटर किती वं?"

"चाळीस पॉइंट चार."

"दगड चाळीस आहेत. मी मोजले. एक एक मोजला." तो अजिबात ओरडला नाही. "हे पॉइंट चार कुठून आणले? अं? तुह्या बापाच्या मागावरून विणून आणले?"

पहिल्या थपडेलाच ती सायकलसकट खाली गेली. पायडलचा दात नडगीत घुसला. ती उठायच्या आत ट्यूब. तो दर वेळी मोजून मारायचा, सात नाहीतर दहा, तोंडानं मोठ्यानं आकडे म्हणायचा. त्या दिवशी आकडे नव्हते. शालू सायकलच्या तारांमध्ये अडकलेला हात सोडवत होती आणि तो फक्त "खोटी, खोटी" म्हणत होता. मागच्या खोलीत माग चालूच. मार सुरू झाला की मावसाजींचा माग नेहमी जास्त जोरात चालायचा, हे मी कधीच ओळखलं होतं. मावशी चुलीपाशी. तिनं तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली. मार थांबेपर्यंत तेल गरम व्हावं, असा त्या घरातला हिशेब बसून गेला होता.

मी कशी उठले ते आठवत नाही. हाताला वाटलेली डाळ तशीच. भीतीनं माझ्या तोंडून माझी गावाकडचीच भाषा आली. "दादा, आकडा म्या घातलाय. तिला कायबी ठाऊक न्हाई. मी खोटा घातला."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, जणू मी त्या घरात राहते हे त्याला आत्ताच दिसलं. मग आवाज आला, आणि क्षणभर काहीच नाही. शालू बरोबर सांगत होती. तिसऱ्या वेळी मी हात वर केला आणि ट्यूबचा पितळी वॉल माझ्या करंगळीवर आला. हाड मोडलं तेव्हा फक्त काडी मोडल्यासारखं वाटलं.

माग थांबला. त्या घरात दिवसाउजेडी माग थांबल्यावर इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. मावसाजी खड्ड्यातून वर आले, धोतराला सूत चिकटलेलं. "तिनं नाही. माप मी घेतलं. शालूले मी उतरवलं होतं खाली. पोट्टी बरोबर सांगून राहिली होती, मी ऐकलं नाही." म्हणजे त्यांना त्या दिवशी ऐकू गेलं होतं.

"तुमाले कोनं बोलावलं होतं मधात?" बंडूभाऊनं त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं. म्हातारा माणूस, मागं गेला, उंबऱ्याला अडखळला, आणि डोकं मागाच्या खांबावर. पांढऱ्या केसांतून रक्त कानामागं उतरलं. बंडूभाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. तेवढ्यात शालूनं हवा भरायचा लोखंडी पंप उचलला आणि मागून त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातला.

तो ओरडत खाली पडला. तिनं दुसऱ्यांदा घातला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, तिसऱ्या वेळी पंप वर गेला तेव्हा मी तिचा हात धरू शकले असते. धरला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. चौथ्या वेळी पंप तिच्याच हातातून सुटला.

मावशी दारात आली. हातात चिमट्यानं धरलेली तेलाची वाटी. तिनं आम्हा चौघांकडे पाळीपाळीनं बघितलं. शालूची पाठ, माझा हात, नवऱ्याचं डोकं, अंगणात पाय धरून लोळणारा मुलगा. "आता कोनाकोनाले लावू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरोखर सुचत नव्हतं.

बंडूभाऊला टाके, प्लास्टर. दवाखान्यात तो म्हणाला, टेम्पोवरून पडलो. आम्हीही कोणी वेगळं बोललो नाही. मला वाटलं होतं आता माझी वळकटी बांधली जाणार, परत इचलकरंजीची गाडी. दोन दिवस मी कोणी उठवायच्या आत उठून सगळी भांडी घासून ठेवत होते. तिसऱ्या दिवशी मावसाजी डोक्याला पट्टी बांधलेले टेप घेऊन बोळात आले, म्हणाले, "मंगल, खडू आन." शालू सायकलवर बसली. पाठ ताठ करता येत नव्हती म्हणून हँडलवर जास्तच झुकलेली. मी एका हातानं सीट धरलं. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. तीन फेरे. सहा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोन हजार शहाण्णव. मावसाजी गुडघ्यावर बसून दोन्ही खुणांकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. "सायकल कपड्यावानी नाही बापा," एवढंच म्हणाले, आणि उठायला मला हात मागितला. चांगला हात पुढं करायचा ते विसरून मी करंगळीवाला केला, आणि कळ डोक्यात गेली, पण सोडला नाही.

निवडीत शालू चौथी आली. तीन घेणार होते. रामटेककडे धानाची शेती असलेल्या घरात तिचं लग्न झालं, सुखात आहे, परवापरवापर्यंत बाजाराला सायकलनं जायची. भावाशी ती त्या दिवसानंतर बोलली नाही. मावशी गेली, मावसाजी गेले, दोन्ही वेळा बहीण-भाऊ एकाच अंगणात दोन टोकांना उभे होते.

बंडूभाऊ सध्या दवाखान्यात आहे. त्याच गुडघ्यात पू झालाय, पाय ठेवायचा की काढायचा हे डॉक्टर ठरवतायत. लग्न केलं नाही, बघायला कोणी नाही, म्हणून माझ्या मेसचा डबा मी त्याला नेऊन देते. गेल्या आठवड्यात वरणात पोळी कुस्करता कुस्करता त्यानं खाली बघूनच विचारलं, "ते मीटर किती खोटं होतं गा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायकांना गा म्हणत नाहीत तिकडं, पण त्याच्या तोंडून ते तसं आलं, मी कोण आहे हे तो विसरला असावा.

"एका फेऱ्याला बावीस मिलिमीटर."

त्यानं अंगठा आणि तर्जनी धरून बघितली. "एवढं?"

"त्याहून थोडं कमी धरा."

"मंग तिची खरी एव्हरेज किती पडत होती?"

"एकोणतीस आठ."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सलाइन लावत होते, तो नर्सला शिव्या देत होता. मग बंडूभाऊ म्हणाला, "मी शर्यती मारायचो तवा मायी एव्हरेज दगडावर मोजायचो. एवढी मेहनत केली, पन सत्तावीसच्या वर कधी गेलीच नाही." आणि डबा माझ्याकडे सरकवला. "मीठ कमी आहे आज."

शालूचा दर रविवारी फोन येतो. धान, सुना, गुडघेदुखी, सगळं बोलते, त्याचं नाव घेत नाही. ह्या रविवारी मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्याचं हे सत्तावीस ऐकलं तर ती पहिल्या गाडीनं दवाखान्यात येईल, त्याच्या उशाशी बसेल, त्याचा पाय दाबेल. ती तशीच आहे. आणि ज्या पाठीला मावशी तेल लावायची ती पाठ त्याच्या पायाशी वाकलेली मी उभी राहून बघू शकणार नाही.